स्यूडोकोलिनेस्टरेजची जन्मजात कमतरता आणि सुरक्षित भूल

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तासाभरात आटोपलं, पण नंतर पाच तास त्याचा श्वास सुरू झाला नाही आणि तेवढा वेळ त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पुढे रक्त तपासलं तेव्हा स्यूडोकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम जन्मापासूनच सदोष असल्याचं निघालं. आता त्यांचं स्वतःचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय आणि घरचे सगळे धास्तावलेत. ऑपरेशन पुढे ढकलावं का, पूर्ण भूल टाळून पाठीत इंजेक्शन घेऊन भागेल का, आणि दोन्ही मुलांचंही रक्त तपासून घ्यावं का, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ऑपरेशन ढकलू नका. पूर्ण भूल घ्यायलाही हरकत नाही. मात्र तुमच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच भेटा, भावाचे कागद दाखवा आणि झालेली हकिगत सांगा. एवढं झालं की या दोषामुळे येणारा धोका जवळजवळ संपतो, कारण तो मुख्यतः दोन औषधांभोवती फिरतो आणि त्या दोन्हींना आज चांगले पर्याय आहेत. भूलशास्त्रात इतके सहज टाळता येणारे धोके फार थोडे आहेत. तरीही केवळ माहिती वेळेवर पोचली नाही म्हणून माणसं यातून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात हलवायचा म्हटलं की नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि स्नायू आकसतो. काम झालं की तिथेच असलेलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज त्याचा क्षणार्धात फडशा पाडतं. हे एन्झाइम तुमच्या भावात ठणठणीत आहे, म्हणून तो चालतो, पळतो, जेवतो, बोलतो, त्याला कसलाही अशक्तपणा नाही. दोष आहे तो या एन्झाइमच्या चुलतभावात. स्यूडोकोलिनेस्टरेज (ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे त्याचंच दुसरं नाव) यकृतात तयार होतं आणि रक्तात फिरत राहतं. ते जवळजवळ नसलेली माणसंही आयुष्यभर निरोगी राहतात. काही ठरावीक औषधं शरीरात गेली तरच त्याची उणीव जाणवते, म्हणून घरात कुणाला याचा पत्ताच नसतो.

त्या औषधांतलं मुख्य म्हणजे सक्सिनिलकोलीन. आम्ही भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला स्कोलीन म्हणतो. दोन ॲसिटिलकोलीनचे रेणू एकमेकांना जोडले की हे औषध तयार होतं. ते शिरेतून दिलं की मिनिटभरात आधी पापण्या आणि गाल, मग खांदे, मग पोटऱ्या अशी अंगभर बारीक थरथर धावत जाते. ती थांबली की सगळे स्नायू सैल पडतात आणि श्वासनलिकेत नळी घालणं सोपं होतं. गंमत अशी की स्नायूजवळचं एन्झाइम या औषधाला हात लावत नाही. त्याला मोडतं ते रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज, आणि तेही इतक्या झपाट्याने की दिलेल्या डोसचा अगदी लहानसा भागच स्नायूपर्यंत पोचतो. किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस हा नाश गृहीत धरूनच ठरलेला आहे. म्हणून बहुतेकांत परिणाम ५ ते १० मिनिटांत ओसरतो.

एन्झाइम सदोष असेल तर दोन्हीकडून फटका बसतो. वाटेत मोडणारं औषध मोडत नाही, त्यामुळे स्नायूपर्यंत कितीतरी पट जास्त औषध पोचतं. स्नायूवरून सुटून रक्तात परत आलेलं औषधही तिथे कुणी मोडत नाही, ते सावकाश मूत्रपिंडावाटे आणि आपोआप विघटन होऊन जातं. त्यातून त्या पाच-दहा मिनिटांचे चार, पाच, कधी आठ तासही होतात. तुमच्या भावाचे पाच तास या हिशेबात चपखल बसतात.

दुसरं औषध मायव्हाक्युरियम. तेही स्नायू सैल करतं, पण वेगळ्या पद्धतीने, आणि तेही याच एन्झाइमवर अवलंबून असतं. एरवी पंधरा-वीस मिनिटांत उतरणारा त्याचा परिणाम अशा रुग्णात काही तास टिकतो.

आता दोष घरात कसा येतो ते. या एन्झाइमचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. भावाला पाच तास लागले म्हणजे बहुधा त्याच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. आई-वडिलांकडे एकेक सदोष प्रत असेल तर तुमच्याकडे दोन्ही सदोष येण्याची शक्यता चारात एक, एक सदोष येण्याची चारात दोन, आणि एकही न येण्याची चारात एक. एकच प्रत सदोष असली तर स्कोलीन साधारणपणे थोडी मिनिटंच जास्त टिकतं. चारात एक हे प्रमाण मात्र दुर्लक्ष करण्याजोगं नाही. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत दोन्ही प्रती सदोष असलेला माणूस साधारण अडीच ते साडेतीन हजारांत एक सापडतो. म्हणजे सख्ख्या भावंडाची जोखीम सर्वसामान्यांपेक्षा शेकडो पट जास्त असते. काही समूहांत दोषाचं प्रमाण मुळातच बरंच जास्त आहे. भारतातले आर्य वैश्य, अलास्कातले इन्युइट आणि इराणी ज्यू ही वैद्यकीय साहित्यात वारंवार येणारी उदाहरणं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं होत गेली की एखादी दुर्मिळ प्रत त्या समूहात साचत जाते, एवढंच त्यामागचं कारण. त्या माणसांच्या तब्येतीत त्याने काही उणं येत नाही.

तपासणीबद्दल. यात दोन आकडे पाहायचे असतात आणि नेमका त्यातच घोळ होतो. पहिला म्हणजे रक्तात एन्झाइमचं काम एकंदर किती होतं तो. दुसरा म्हणजे डायब्युकेन नंबर. डायब्युकेन हे जागा बधिर करणारं औषध आहे. ते प्रयोगनळीत घातलं की चांगल्या एन्झाइमचं सुमारे ८० टक्के काम थांबवतं, तर सदोष एन्झाइमचं जेमतेम २० टक्के. एक प्रत चांगली आणि एक सदोष असेल तर आकडा ६०च्या आसपास येतो. टोरोंटोमध्ये काम करणाऱ्या वेर्नर कालो यांनी जेनेस्ट यांच्यासोबत १९५७ साली ही पद्धत मांडली. माणसाची औषधाला होणारी प्रतिक्रिया वारशाने ठरू शकते हे ज्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांवरून नीट सिद्ध झालं, त्यांतलं हे एक. स्कोलीनचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. हंट आणि टॅव्हो यांनी १९०६ साली त्याचा प्राण्यांवर अभ्यास केला, पण त्या प्राण्यांना आधीच क्युरारे हे स्नायू लुळे करणारं द्रव्य दिलेलं होतं. स्नायू आधीच लुळे पडलेले असल्यामुळे या औषधाचा खरा गुण त्यांच्या नजरेतून सुटला. तो १९४९ मध्ये दानियल बोव्हे यांनी दाखवला, १९५१ पासून औषध थिएटरमध्ये आलं, आणि वर्ष-दोन वर्षांतच ‘श्वास परत येईना’ अशा नोंदी यायला लागल्या.

घोळ होतो तो असा. बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर नुसतं ‘कोलिनेस्टरेज कमी’ एवढंच असतं. एन्झाइम कमी असण्याची कारणं मात्र इतरही आहेत: यकृताचा आजार, दीर्घ कुपोषण, मोठ्या प्रमाणात भाजणं, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, कीटकनाशकांतली ऑर्गॅनोफॉस्फेट. दम्यासाठी दिलं जाणारं बॅम्ब्युटेरॉलही या एन्झाइमला काही काळ दाबून ठेवतं. त्यामुळे आकडा कमी आला म्हणजे दोष वारशानेच आला असं होत नाही. उलट अर्धवट दोष असलेल्या माणसात यातलं एखादं कारण जोडीला आलं, तर एरवी न जाणवणारी उणीव ठळक होते. रुग्णाला नुकताच प्लाझ्मा दिलेला असेल तर रक्तदात्याचं चांगलं एन्झाइम त्यात मिसळतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. एक प्रकार असाही आहे की एन्झाइम जवळपास तयारच होत नाही. तिथे डायब्युकेन नंबर काढायला हाताशी काही उरत नाही, आणि नुसता तोच आकडा बघणारा फसतो. म्हणून दोन्ही आकडे मागा. ते एकमेकांशी जुळत नसतील तर जनुकीय तपासणी करून घ्या.

तुमच्या बाबतीत चाचणी सहज होत असेल तर जरूर करा, पण ती होत नाही म्हणून ऑपरेशन अडवून ठेवू नका. भावाचं निदान पक्कं आहे ना, मग तुमच्यातही दोष आहे असं धरून भूल द्यायची. चाचणी हाती नसली की मी असंच करतो. त्यात तुमचं काही नुकसान नाही, कारण टाळायची औषधं तुमच्या ऑपरेशनला मुळात लागतच नाहीत.

लागत का नाहीत ते सांगतो. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरवून होतं, पोट रिकामं असतं आणि घाई नसते. झोपेसाठी प्रोपोफॉल किंवा थायोपेन्टोन, वेदनेसाठी फेन्टॅनिल, झोप टिकवण्यासाठी वासाने द्यायचं सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन यांतल्या कशाचाही या एन्झाइमशी संबंध नाही. स्नायू सैल करण्यासाठी रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम वापरता येतं. शेवटची दोन तर शरीराच्या तापमानाला बऱ्याच अंशी आपोआप विघटित होतात. रेमिफेन्टॅनिल या वेदनाशामकाबद्दल तरुण डॉक्टर हमखास विचारतात, कारण त्यालाही एस्टरेज जातीची एन्झाइम मोडतात. पण ती एस्टरेज वेगळी, रक्तात आणि ऊतींत सर्वत्र असणारी, त्यामुळे या रुग्णांत रेमिफेन्टॅनिल बिनधास्त चालतं.

स्कोलीनची खरी गरज पडते ती नळी झटपट घालायची असेल तेव्हा. पोट भरलेलं आहे, आतडं अडकलं आहे, तातडीचं सिझेरियन आहे, अशा वेळी. तिथेही आता रोक्युरोनियम किलोमागे १ ते १.२ मिलिग्रॅम दिलं तर मिनिटभरात नळी घालण्याजोगी स्थिती येते. पूर्वी अडचण होती ती हा परिणाम बराच वेळ टिकतो ही, आणि नळी गेलीच नाही तर माणूस श्वासाविना अडकतो याची भीती. सुगामाडेक्सने ते चित्र बदललं. पोकळ कड्यासारखा हा रेणू रोक्युरोनियमला आपल्या पोटात घेऊन निकामी करतो. मोठ्या डोसनंतर लगेच उलटवायचं तर किलोमागे १६ मिलिग्रॅम लागतं, एरवी २ ते ४ पुरतं. युरोपात त्याला २००८ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१५ साली. म्हणून तातडीच्या वेळीही अशा रुग्णाला स्कोलीन देण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे आज सहसा मान्य होण्यासारखं नाही. ताई, एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी. सुगामाडेक्स काही गर्भनिरोधक संप्रेरकांनाही बांधून ठेवतं. तुम्ही गोळी घेत असाल किंवा संप्रेरकाचं इंजेक्शन वा इम्प्लांट वापरत असाल, तर ते दिल्यानंतर ७ दिवस दुसरा उपायही जोडीला ठेवायचा. डिस्चार्जच्या धांदलीत हे सांगायचं राहून जातं, म्हणून इथे लिहिलं.

पाठीतल्या इंजेक्शनबद्दल. केवळ या दोषासाठी स्पायनल निवडण्यात मला अर्थ दिसत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात वायू भरतात, खांदा दुखतो, श्वासावर दाब येतो. पूर्ण भुलीत रुग्ण आणि सर्जन दोघांनाही ते सोयीचं जातं. शिवाय स्पायनल पुरलं नाही तर मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते, आणि अशा घाईतच सवयीने हात स्कोलीनकडे जातो. म्हणजे तुमच्या दोषाची माहिती तिथेही तितकीच लागते. आणखी एक मुद्दा आहे. छोट्या ऑपरेशनांच्या स्पायनलसाठी काही ठिकाणी क्लोरोप्रोकेन वापरतात, आणि त्याला मोडणारं एन्झाइम हेच. प्रोकेन आणि टेट्राकेनचंही तसंच. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन, लिग्नोकेन यकृतात मोडतात, ती चालतात. दात काढताना दिल्या जाणाऱ्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनची धास्ती घ्यायचं काही कारण नाही.

आता थोडं माझ्या क्षेत्रातल्या तरुण मंडळींसाठी, म्हणजे दोष आधी माहीत नसताना टेबलावर समोर आला तर काय करायचं ते. नातेवाइकांनीही हे वाचावं, म्हणजे त्या पाच तासांत आत काय चाललं होतं याचा अंदाज येईल.

शेवटचा टाका पडतो, सर्जन हातमोजे काढतात, भूलतज्ज्ञ व्हेपोरायझर (वासाची भूल सोडणारं उपकरण) बंद करून रुग्णाच्या श्वासाची वाट बघतो. पडद्यावर मशीनने दिलेल्या श्वासांचे आलेख तेवढे एकसारखे उमटत राहतात, रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाची खूण त्यांच्यामध्ये कुठेच दिसत नाही. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग नाडी ७८ वरून ११० वर जाते, रक्तदाब चढतो, मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळतं. या क्षणी मनात एकच विचार यायला हवा: हा माणूस जागा असू शकतो. तो ऐकतो आहे, त्याला नळी टोचते आहे, आणि त्याला एक बोटही हलवता येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे झोप परत देणं. व्हेपोरायझर पुन्हा सुरू करा किंवा प्रोपोफॉलचं इन्फ्यूजन लावा. निदान नंतर होईल. त्याच्या कानाशी जाऊन शांत आवाजात सांगा की ऑपरेशन नीट झालंय, औषध उतरायला वेळ लागतोय, आम्ही तुमचा श्वास चालू ठेवलाय, तुम्हाला आता झोप येईल. त्याला ऐकू येत असेल तर ही चार वाक्यं त्याच्यासाठी फार मोलाची असतात.

मग नर्व्ह स्टिम्युलेटर घ्या. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड लावून अल्नर नसेला ओळीने चार हलके विजेचे झटके द्यायचे आणि अंगठ्याकडे बघायचं. सर्वसामान्य माणसात अंगठा चार वेळा आत ओढला जातो. इथे तो हलतच नाही, किंवा कसाबसा हलतो. गुंगी उतरत नसल्यामुळे श्वास अडला असता तर अंगठा नीट उडाला असता. म्हणजे दोष स्नायूंत आहे हे दोन मिनिटांत कळतं. हे यंत्र हातात मावेल एवढं असतं. डेन्मार्कमध्ये या दोषासाठी खास केंद्र आहे आणि तिथे अशा रुग्णांची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींतून हेच पुढे आलं की हे यंत्र पुरेसं वापरलं जात नाही आणि रुग्णांना स्नायू लुळे असतानाच जागं करण्याचा प्रयत्न होतो. माझं मत अगदी ठाम आहे: स्कोलीन दिलं असेल तर त्याचा परिणाम ओसरल्याचं यंत्रावर पाहिल्याशिवाय भूल उतरवायची नाही, आणि लांब टिकणारं दुसरं औषध त्यावर द्यायचं नाही.

पुढचा उपचार म्हणजे वाट बघणं, आणि तेच अनेकांना जमत नाही. हात शिवशिवतात, निओस्टिग्मीन द्यावंसं वाटतं. देऊ नका. ते रोक्युरोनियमसारख्या औषधांवरचा उतारा आहे, आणि ते उरलंसुरलं स्यूडोकोलिनेस्टरेजही दाबून टाकतं. त्याने परिणाम लांबू शकतो. सुगामाडेक्स स्कोलीनला पकडत नाही, त्यामुळे इथे ते निरुपयोगी. प्लाझ्मात हे एन्झाइम असतं हे खरं, आणि तो दिल्याने वेळ कमी झाल्याच्या नोंदीही आहेत. पण जो परिणाम काही तासांत हमखास जाणार आहे त्यासाठी रक्तघटकाची ॲलर्जी आणि संसर्ग यांची जोखीम का घ्यायची? व्हेंटिलेटर आहे, झोपेचं औषध आहे, लक्ष ठेवणारी माणसं आहेत, एवढं पुरे. रुग्णाला आयसीयूत हलवा, अंग गरम ठेवा, दर थोड्या वेळाने अंगठा तपासा. चारही झटक्यांना एकसारखी ताकद येऊ लागली, यंत्र आकडा दाखवणारं असेल तर चौथ्या झटक्याची ताकद पहिल्याच्या निदान ०.९ पट झाली, की मगच झोपेचं औषध थांबवून नळी काढायची. नातेवाइकांना बाहेर जाऊन स्वतः सांगायचं, दुसऱ्या कुणाकरवी निरोप पाठवायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाजवळ बसून विचारायचं की मधलं काही आठवतं का. आठवत असेल तर त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, ते खरं होतं असं त्याला सांगायचं आणि समुपदेशनाची सोय करायची. ज्याच्या आठवणीला ‘भास झाला असेल’ म्हणून उडवून लावलं जातं, तो माणूस पुढच्या ऑपरेशनला घाबरून उभाच राहत नाही. तुमच्या भावालाही एकदा हे जरूर विचारा.

आता ताई, भावाचे कागद मिळवण्याबद्दल. ‘भुलीचा त्रास झाला होता’ एवढ्याने आमचं भागत नाही, कारण घराण्यात चालत येणारा भुलीचा आणखी एक त्रास आहे आणि तो याहून कितीतरी गंभीर आहे. त्याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. त्यात स्कोलीन किंवा वासाने देण्याच्या भुलीमुळे स्नायू ताठरतात, कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो, ताप चढतो, आणि डॅन्ट्रोलीन हे त्यावरचं औषध वेळेवर मिळालं नाही तर जीव जाऊ शकतो. तो दोष स्नायूच्या पेशीत असतो, या एन्झाइमशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत निदान स्पष्ट आहे, म्हणून सेव्होफ्लुरेन चालेल असं मी वर लिहिलं. ज्यांच्या घरात ‘काकांचं भुलीत काहीतरी झालं होतं’ इतकीच आठवण शिल्लक आहे, त्यांना वेगळा विचार करावा लागतो. अशा रुग्णाला मी स्कोलीनही देत नाही आणि वासाची भूलही देत नाही. शिरेतून प्रोपोफॉलवर ऑपरेशन निभावतो. दोन्ही शंका एकाच वेळी सांभाळल्या जातात.

भावाकडून डिस्चार्ज कार्ड, भुलीची नोंद असलेलं पान आणि रक्ताचा रिपोर्ट या तिन्हींच्या प्रती घ्या. भुलीचं पान बहुतेक वेळा फाइलमध्येच राहतं, मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यावर कुठलं औषध किती वाजता दिलं आणि श्वास किती वाजता परत आला हे लिहिलेलं असतं, आणि आमच्या दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं. तुमच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर, जिथे ॲलर्जी लिहितात तिथे, औषधांची नावं लिहून घ्या. ही ॲलर्जी नाही हे खरं, पण घाईत डोळे तिथेच जातात. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दाराशी तुमचं नाव विचारतील, तेव्हा हेही पुन्हा सांगा. भेटायला आलेले आणि प्रत्यक्ष भूल देणारे डॉक्टर वेगळे असू शकतात.

तातडीच्या वेळी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही, म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा आणि फोनच्या आपत्कालीन माहितीत तोच मजकूर घाला. मजकूर एवढाच: ‘स्यूडोकोलिनेस्टरेजची जन्मजात कमतरता (भावात सिद्ध). सक्सिनिलकोलीन व मायव्हाक्युरियम देऊ नये.’ तुमची तपासणी झाली की कंसातले शब्द बदला. तपासणीत दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या तर कार्ड काढून टाका, उगाच आयुष्यभर बाळगायची गरज नाही. भावाने मात्र ते कायम जवळ ठेवायचं. कधी मानसिक आजारासाठी शॉक ट्रीटमेंट घ्यायची वेळ आली तर तिथेही दाखवायचं, कारण त्या उपचारात स्कोलीन हे रोजचं औषध आहे आणि रुग्ण भूलतज्ज्ञाला एरवी फारसं काही सांगत बसत नाही. घरातल्या कुणी गरोदर असेल तर तिने नावनोंदणीच्या पहिल्याच भेटीत हे सांगावं. गरोदरपणात हे एन्झाइम सगळ्याच बायकांमध्ये काहीसं कमी होतं, आणि सिझेरियन कधी तातडीचं होईल ते आधी ठरवता येत नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. आधी तुमची स्वतःची तपासणी होऊ द्या. तुमच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर तुमच्याकडून मुलांना काहीच गेलेलं नाही. एक सदोष असेल तर प्रत्येक मुलात ती येण्याची शक्यता निम्मी, आणि मुलाच्या वडिलांकडूनही दुसरी सदोष प्रत आली तरच त्याला खरा त्रास होऊ शकतो. वडील तुमच्या नात्यातले असतील तर ही शक्यता वाढते, तेवढं डॉक्टरांना सांगा. भावाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर त्याच्या मुलांना एकेक सदोष प्रत नक्कीच गेलेली आहे, त्यामुळे त्यांची आणि तुमच्या इतर भावंडांची तपासणी मी तुमच्या मुलांच्या आधी करेन. लहान मुलांना नुसतं यासाठी सुई टोचायची घाई नको. दुसऱ्या कारणाने रक्त काढायचं असेल तेव्हा ही चाचणीही लिहून घ्या. त्याआधी ऑपरेशनची वेळ आलीच, तर तुमच्यासाठी लिहिलेलं वाक्य त्यांच्या केसपेपरवरही लिहून घ्या, कंसात फक्त ‘मामात सिद्ध’ एवढा बदल करा.